सहा विरुद्ध सात

२ मे १९५८, शुक्रवार
माझ्या वह्या-पाट्यांच्या दुकानातली सर्वांत जाड वही आज स्वतःसाठी काढली. सार्वजनिक माणसाला रोजनिशी हवीच. कोणी वाचावी म्हणून नाही. मन साफ राहतं.

निवडून येऊन सोळा दिवस झाले. वॉर्ड नंबर चार, सतरा मतांनी. खाजणवाडीची एकोणचाळीस मतं झाडून मला पडली. पण ती नसती तरी मी आलोच असतो.

खाजणवाडी म्हणजे खाडीच्या काठावरच्या बावीस झोपड्या. कोळ्यांची वस्ती. मोठं उधाण आलं की पाणी चुलीपर्यंत येतं. प्रचाराला गेलो तेव्हा चंद्रावती म्हणून जी कोळीण आमच्या घरी मासळी घालते, तिने मला घरोघर फिरवलं. मी शब्द दिला आहे. जुन्या कोंडवाड्यामागे नगरपालिकेची उंचावरची जागा पडून आहे. तिथे बावीस घरं आणि एक नळ. जागा आणि जोतं आपण द्यायचं, वरचं ज्याचं त्याने बांधायचं. तीस तारखेच्या सभेत ठराव.

नियम: (१) पहाटे पाचला उठणे. (२) चहा दोनच वेळा. (३) ठरावावर असं भाषण करणे की सभागृह हललं पाहिजे.

३ मे
साडेसातला उठलो. पण जागा पाचलाच होतो. पडल्यापडल्या पॉइंट्स काढले.

९ मे
भाषण चार पाने झालं. सुरुवात जमली. मोहेंजोदारोच्या गटारांपासून धरली आहे.

सकाळी चंद्रावती मांदेली घेऊन आली. ओट्यावर पाटी उतरवून म्हणाली, "भाऊ, भाशन मोटं नको. हात वर केलात म्हंजे झालं." बाई भोळी आहे. सभागृहाचं काम हाताने चालतं असं तिला वाटतं. तिला वक्तृत्वाचं महत्त्व समजावलं. तोवर सौ.ने मांदेली निवडून घेतली.

१४ मे
काशीराम भगत आला होता. वॉर्ड पाचचा. गूळ-शेंगदाण्याचं दुकान. ठराव तो मांडणार, अनुमोदन माझं. त्याने बोटांवर हिशेब केला. अध्यक्ष सोडून आपण तेरा. ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध सहा. विरोधकांचा पुढारी जगनशेठ घरत, भातगिरणीवाला. त्याला त्याच जागेवर बैलगाड्यांचा तळ हवा आहे. सुगीत त्याच्या गिरणीपुढे गाड्यांची रांग लागते आणि रस्ता अडतो, म्हणून.

काशीराम म्हणाला, गुप्ते, एकसुद्धा इकडचा तिकडे गेला तर ठराव गेला. मी म्हटलं, तू बाकीच्या पाचांवर लक्ष ठेव. माझी काळजी सोड.

२० मे
वडाळे तळ्यावर जाऊन मोठ्याने सराव केला. धुणं धुणाऱ्या बायका उठून पलीकडच्या काठाला गेल्या. आवाज एवढा पोचतो आहे.

पाने एकोणीस.

२१ मे
पाचला उठायचं जमत नाही, कारण विचारांनी उशिरा झोप लागते. नियम बदलला. साडेसात. हा नियम मात्र मोडायचा नाही.

२७ मे
नवा कोट आला. काखेत जरा आवळतो. शिंपी म्हणाला, हात वर करताना सांभाळा. म्हटलं, मला हात वर करायचे नाहीत, बोलायचं आहे.

पाने एकतीस. घसा बसला. लवंग, खडीसाखर. चहा पाच वेळा, औषध म्हणून.

३० मे, शुक्रवार. दुपारी २
कोट. टोपी. एकतीस पाने. सौ.ने हातावर दही घातलं. आजचा दिवस पनवेल विसरणार नाही.

संध्याकाळी ७
घात झाला.

शांतपणे लिहितो. पुढे पुरावा लागेल.

काशीरामने ठराव मांडला. दोन वाक्यांत. मोहेंजोदारो नाही, काही नाही. मी उभा राहून "अनुमोदन" म्हटलं आणि पहिलं पान वर धरलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, गुप्ते, विषय सर्वांना ठाऊक आहे, पुढे अजून नऊ विषय आहेत, बसा. बसलो. जगनशेठ मात्र गाडीतळावर दीड मिनिट बोलून गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

मग खिडकीतून खाडीचा वारा आला आणि माझी पाने उडाली. सगळी गोळा केली, पण सातवं पान सापडेना. सातव्यावरच तर खरा मुद्दा. बाकाखाली शिरलो. वर काहीतरी "अनुकूल, अनुकूल" चाललं होतं. पान हेडक्लार्क महादेवरावांच्या वहाणेखाली होतं. ते ओढून वर येईपर्यंत मनाशी ठरलं होतं: आता नाही तर कधीच नाही. बोलण्याची परवानगी मागायला हात सरळ वर केला. काखेत टाका उसवला, तरी खाली घेतला नाही. आणखी सहा जणांचे हात वर दिसले. त्यांनाही बोलायचं होतं वाटतं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "गुप्ते, तुम्हीसुद्धा?"

म्हटलं, मीसुद्धा.

"नक्की?"

म्हटलं, शंभर टक्के. आता मागे हटणार नाही.

त्यांनी पेन्सिलीने काही टिपलं. मला वाटलं माझा नंबर लावला. आणि लगेच जाहीर केलं: अनुकूल सहा, विरुद्ध सात. ठराव नामंजूर.

सभागृहात कोणी हलेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. साहजिक आहे. घाव माझ्यावरच होता.

सातांतला एक फुटला. कोण?

बाहेर पायऱ्यांवर खाजणवाडीच्या दहाबारा बायका बसल्या होत्या. काशीरामने पुढे होऊन त्यांना काय ते सांगितलं. मी सांत्वनाला गेलो, तर चंद्रावतीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुःखाने तिला बोलवेना. पदर खोचून निघून गेली.

१ जून
पत्नी म्हणाली, मला तुम्हाला काही सांगायचंय, शेजारी बोलतायत. म्हटलं, आत्ता नको, संशयितांची यादी करतो आहे.

यादी:
काशीराम. मांडणारा तोच, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही. हीच त्याची युक्ती असावी.
इतर पाच. सगळे.

फेटाळलेला ठराव तीन महिने परत आणता येत नाही. तोवर फितूर शोधून काढायचाच. नवा नियम: याखेरीज दुसरं काम नाही.

३ जून
रस्त्यात जगनशेठने सायकलवरून उतरून माझा हात हातात घेतला. म्हणाला, गुप्ते, तुमच्याबद्दल माझा समज चुकीचा होता. तुम्ही मोठ्या मनाचे निघालात. तत्त्वासाठी स्वतःच्या लोकांचा रोष घेणं सोपं नाही.

शत्रू असावा तर असा. हरलेल्याचा मान ठेवतो. आपल्यातला एकही मला भेटायला आला नाही.

४ जून
जगनशेठकडून रायवळ आंब्यांची करंडी आली. ठेवून घेतली. परत पाठवणं असंस्कृतपणाचं झालं असतं. नऊ खाल्ले. सौ.ने एकाला हात लावला नाही. तिला रायवळ आवडत नसावेत, इतकी वर्षं मला कळलं नव्हतं.

६ जून
आठवडा झाला, चंद्रावती आली नाही. पावसाळा तोंडावर, होड्या बंद व्हायची वेळ, म्हणून असेल. शेजारी मात्र काल चिंबोऱ्यांचं कालवण होतं. वास भिंतीतून येतो.

सौ. पुन्हा म्हणाली, ऐका ना जरा, त्या दिवशी सभेत. म्हटलं, सभेतलं तू मला सांगणार? मी तिथे होतो.

११ जून
शाळा उघडल्या. दुकानात गर्दी. गिऱ्हाइकं पाट्या-पेन्सिली घेतात आणि माझ्याकडे निरखून बघतात. एकाने तर बरोबरच्याला कोपर मारून दाखवलं, हेच ते. लोकांना सहानुभूती आहे.

काशीरामच्या दुकानावर समोरच्या हॉटेलातून पाळत ठेवली. चार तास. पाच वाट्या मिसळ. काशीरामने गूळ विकला.

१९ जून
पोटाने दोन दिवस अंथरुणात. त्यातच कल्पना सुचली. हँडबिल!

सौ. कांजी घेऊन आली आणि अंथरुणाशी बसली. म्हणाली, छापण्याआधी माझं एक ऐकाल? म्हटलं, मजकूर ठरला आहे, त्यात आता शब्द बदलणार नाही.

२२ जून, रविवार
दोनशे हँडबिलं. मथळा: फितूर कोण? खाली:

"बावीस गरीब कुटुंबांच्या तोंडचा घास ज्याने काढला, तो आपल्यातच उजळ माथ्याने हिंडतो आहे. बंधूंनो, त्याला ओळखा! आपला नम्र, क. वि. गुप्ते, वॉर्ड ४."

बाजारात स्वतः वाटली. लोकांनी वाचून माझ्या पाठीवर थापा मारल्या. एक जण तर हसता हसता रडला. अजून चार जणांनी आणखी प्रती मागून घेतल्या. प्रचंड परिणाम.

२३ जून
दुकानाच्या फळीवर डकवलेल्या हँडबिलावर कोणीतरी खडूने लिहून गेलं आहे: "दुकानात बसलाय."

महत्त्वाचा सुगावा! म्हणजे फितूर दुकानदार आहे. सहांतले दुकानदार तीनच. काशीराम त्यात येतोच.

२४ जून
सौ. हँडबिलांपासून काही बोलायची थांबली होती, आज स्वतःच बाजारात गेली. पिशवी रिकामी घेऊन आली. चंद्रावती तिथे बसली होती, पाटी भरलेली. म्हणाली, "वयनी, तुमचा काय दोष नाय. पन भाऊंच्या ताटात माजी मासली नाय जानार."

ह्याला काय म्हणायचं? ज्याने तिच्यासाठी एकतीस पाने लिहिली, त्याच्यावर हा राग! मत फोडणारा कोणी भलताच, आणि शिक्षा मला. जनता कृतघ्न असते हे ऐकून होतो. आज वांग्याच्या भाजीबरोबर अनुभवलं.

३० जून
सभा होती. पाऊस इतका की पाचच सभासद आले. कोरम नाही म्हणून तहकूब. मी ओल्या कोटात तासभर बसून होतो. काशीराम समोर बसला होता. मी त्याच्याशी बोललो नाही. तो म्हणाला, गुप्ते, एकदा तरी सांगा, का केलंत? म्हटलं, हँडबिल? शहराच्या भल्यासाठी. त्याने कपाळाला हात लावला. अपराधी माणूस असाच दिसतो.

१७ जुलै, गुरुवार
काल अमावास्या. आज दुपारी मोठं उधाण आणि वरून पाऊस. खाजणवाडीत पाणी शिरल्याचं कळलं. छत्री घेऊन धावलो.

गुडघाभर पाणी. चुली बुडालेल्या. कोंबड्या छपरांवर. बायका डोक्यावर तांदळाची मडकी घेऊन शाळेच्या व्हरांड्याकडे चाललेल्या. मी एका उंच दगडावर उभा राहून सांगितलं की फितुराला शोधून काढेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. पाण्याच्या आवाजात पोचलं नसावं. कोणी थांबलं नाही.

चंद्रावतीची सासू भीमाबाई लकव्याने पडून असते. तिला दरवाज्याच्या फळीवर निजवून उचलत होते. तीन कोपऱ्यांना तिघे, चौथा मोकळा. मी वर छत्री धरली. चंद्रावती म्हणाली, "भाऊ, ती छत्री मिटा नि कोना धरा."

धरला. फळी जड होती. म्हातारी हलकी, पण भिजलेलं लाकूड जड. शाळेपर्यंत दोन वेळा पाय घसरला, हात सोडला नाही. व्हरांड्यात टेकवल्यावर म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, "यो तोच काय गो, हात वर करनारा?"

चंद्रावतीने तिचं डोकं पुसलं.

सभागृहातलं माझं काम या वयाच्या बाईपर्यंत पोचलं आहे. एरवी बरं वाटलं असतं. आज का कोण जाणे, नाही वाटलं. घरी आल्यावर तळहाताला फोड आले होते. बावीसपैकी नऊ झोपड्या बसल्या.

१८ जुलै
ताप. पण डोकं स्वच्छ चालतं आहे. पंचवीस तारखेला तहकूब सभा. तिथे आधी मागचं प्रोसिडिंग मंजूर होतं. त्यात कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी असतं! हे मला दीड महिना सुचलं कसं नाही? फितुराचं नाव महादेवरावांच्या कपाटात बसलं आहे, आणि मी मिसळ खात हिंडतो आहे.

आधी जाऊन बघता येईल. पण नाही. भर सभेत वाचून घ्यायचं.

२४ जुलै
महादेवराव हेडक्लार्क स्वतः दुकानात आले. म्हणाले, गुप्तेसाहेब, नावं वाचायचा आग्रह धरू नका, नुसतं "वाचलं असं समजावं" म्हणू या, नेहमीसारखं. म्हणजे फितुराने त्यांनाही गाठलं! त्यांना चहा न देता परत पाठवलं.

२५ जुलै, शुक्रवार. रात्री ८
सगळे हजर होते. प्रेक्षकांच्या बाकांवर खाजणवाडीची माणसं. चंद्रावती पहिल्या बाकावर.

अध्यक्ष म्हणाले, मागील सभेचं प्रोसिडिंग वाचलं असं समजावं. मी उठलो. पॉइंट ऑफ ऑर्डर. ठराव क्रमांक तीनची नावं वाचा. अध्यक्ष म्हणाले, गुप्ते, बसा. महादेवरावांनी हात जोडले. काशीराम माझा कोट खाली ओढत होता. मी म्हटलं, मोठ्याने वाचा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

महादेवरावांनी वाचलं. अनुकूल सहा. त्यात काशीराम भगत पहिला.

विरुद्ध सात. जगन घरत. मग पाच नावं. सातवं, क. वि. गुप्ते.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तेच.

सांगितलं की तो हात बोलण्यासाठी होता. अध्यक्ष म्हणाले, मी दोनदा विचारलं तुम्हाला. शंभर टक्के म्हणालात.

कोणीतरी हसेल म्हणून मी वाट बघत होतो. कोणी हसलं नाही.

जगनशेठ उभा राहिला. तोंड उतरलं होतं. म्हणाला, म्हणजे तुम्ही तत्त्वासाठी नाही दिलंत? आंबे मी माझ्या हाताने निवडले होते, गुप्ते.

मागे वळून पाहिलं नाही. बाकावरून माणसं उठून गेल्याचं ऐकू आलं.

२६ जुलै
दुकान बंद. ताप आहे असं सांगितलं.

जबाबदार कोण, हे न्यायाने ठरवलं पाहिजे.
अध्यक्ष: बोलू दिलं नाही.
खिडकी: कडी तुटलेली. दुरुस्तीची जबाबदारी नगरपालिकेची.
महादेवराव: वहाण सातव्या पानावर.
शिंपी: निष्कारण लक्ष हाताकडे वेधलं.
मी

२७ जुलै
काल वाक्य अर्धं राहिलं.

पत्नीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, त्याच संध्याकाळी. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, तीनदा आले होते सांगायला. मी म्हटलं, एकदाही नाही. ती आत निघून गेली. मागची पाने चाळली. एक जून. सहा जून. एकोणीस जून. माझ्याच अक्षरात.

सबंध गावाला ठाऊक होतं. हँडबिलं घेताना हसणाऱ्यांनाही. त्यांना वाटलं मी इतका पोचलेला आहे की स्वतः मत फिरवून वर स्वतःच बोंब मारतो. कोणी कोणी कौतुक केलं म्हणे.

दोन महिने माझ्याशी दगा झाला म्हणून मी जेवलो नाही नीट. दगा झालाच होता. माझ्या कोटाच्या बाहीतून झाला होता.

१० ऑगस्ट
काशीरामकडे गेलो. काय बोलायचं ते दोन पाने लिहून नेलं होतं, काढलं नाही. म्हटलं, चुकलं. त्याने चहा मागवला. म्हणाला, हॉटेलात चार तास बसला होता ना, मला वाटलं तिथली मिसळ फार आवडते. मी उठलो तेव्हा म्हणाला, त्या बायकांना तुम्ही स्वतः सांगायला हवं होतंत. पंचवीस तारखेला पाठमोरे उभे राहिलात.

उद्याच जाणार खाजणवाडीत.

११ ऑगस्ट
पाऊस. रस्ता खराब.

१४ ऑगस्ट
उद्या झेंडावंदन. नंतर जाईन.

२३ ऑगस्ट
गिऱ्हाइकं फार. शिवाय नारळी पौर्णिमा जवळ आली, ते लोक होड्या रंगवण्यात असतील. त्यात मोडता नको.

३१ ऑगस्ट, रविवार
गेलो.

बसलेल्या झोपड्या कुडाने पुन्हा उभ्या केल्या आहेत. चंद्रावती दारात जाळं पसरून बसली होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. पान, बाक, वारा, सगळं नाही सांगितलं. हात माझा होता, एवढं सांगितलं. लक्ष नव्हतं, एवढं सांगितलं.

ती म्हणाली, "ठाव हाय आमाला. काशीरामभाऊंनी त्याच दिशी सांगितला. पयलं वाटलं, शेठनं तुमाला फिरवला. मंग उधानाच्या दिशी तुमचं तोंड बगितलं नि समजलं, याला कायच ठाव नवता." जाळ्याची एक गाठ ओढत म्हणाली, "ते जास्त लागलं, भाऊ. फिरवला असता तर भांडले असते."

मी म्हटलं, तीन महिने झाले, ठराव परत आणता येतो. या वेळी मी स्वतः मांडतो. भाषण अर्ध्या पानाचं.

तेव्हा कळलं की ठराव येतोच आहे. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी ह्या बायका जगनशेठच्या गिरणीवर जाऊन बसल्या. तीन दिवस. भांडल्या नाहीत, नुसत्या बसल्या. चौथ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर कोंडवाड्यामागे गेला. चंद्रावतीने होडीचा दोर नेला होता. त्या दोराने जागा मोजली. घरं एका ओळीत न बांधता पाठीला पाठ लावून दोन ओळींत बांधली, तर बावीस घरं अर्ध्या जागेत बसतात. उरलेल्या अर्ध्यात गाडीतळ. शेठ म्हणाला, हे मला आधी कोणी दाखवलं असतं तर मी विरोध केलाच नसता.

माझ्या एकतीस पानांत जागेचं माप कुठेच नव्हतं. मी ती जागा पाहिलेली नाही. लांबून पाहिली आहे.

म्हटलं, उत्तम! मग माझ्यासाठी काय काम?

चंद्रावतीने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाली, "एकच काम हाय. बारा तारखेला तुमी मीटिंगला येऊ नका."

म्हटलं, मी या वॉर्डाचा निवडून आलेला सभासद आहे.

"म्हनून तर तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "रागानं नाय सांगत. आमी समद्यांनी बसून ठरवला."

बरं म्हटलं आणि निघालो. भीमाबाई आतून काहीतरी विचारत होती. थांबलो नाही.

६ सप्टेंबर
विचार केला. सभासदाला सभेपासून रोखणं लोकशाहीविरोधी आहे. जायचंच. मागच्या बाकावर बसायचं, दोन्ही हात खिशात.

८ सप्टेंबर
अनुकूलला मात्र हात वर करावा लागेल. तेव्हा कुठला खिसा?

९ सप्टेंबर
पत्नी म्हणाली, शब्द दिलात ना बायकांना. म्हटलं, शब्द नव्हे, नुसतं बरं म्हटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी २. कोट घातला.

२.२०. काढला.

२.४५. सौ. लुगडं बदलून बाहेर निघाली. म्हणाली, सभेला जाते, प्रेक्षकांत बसायला. खाजणवाडीच्या बायकांबरोबर. मला चल म्हणाली नाही.

३.००. सभा सुरू झाली असेल. काशीराम मांडेल. दोन वाक्यांत.

३.३०. दुकान उघडलं. एक जण शाईची दौत घ्यायला आला. म्हणाला, आज सभा ना, तुम्ही इथे? म्हटलं, तब्येत. तो म्हणाला, बरं केलंत.

४.१५. काही कळत नाही.

४.४०. वीसपंचवीस बायका बोलत, हसत दुकानावरून गेल्या. चंद्रावती मधोमध. एकीच्या कडेवरच्या पोराने माझ्याकडे बोट दाखवलं, तिने ते बोट खाली केलं. मी पाट्या रचत होतो. रचलेल्याच होत्या.

संध्याकाळी ६. सौ. आली. मंजूर. दहा विरुद्ध दोन. जगनशेठने अनुमोदन दिलं. नळ एकाऐवजी दोन. दिवाळीनंतर जोत्यांचं काम सुरू.

विचारलं, माझ्याबद्दल कोणी काही म्हणालं का?

म्हणाली, नाही.

म्हटलं, नीट आठव. अध्यक्ष? काशीराम? आभार मानताना वगैरे?

तिने चूल पेटवायला घेतली होती. फुंकणी बाजूला ठेवून तिने खरोखरच आठवून पाहिलं. मग म्हणाली, नाही हो. कोणीच नाही.